बेंबीवर नाणं बांधून पिल्लाचा हर्निया जात नाही

ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कडेने सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांकडून एक सल्ला हमखास मिळतो: पिल्लाच्या बेंबीवर फुगवटा दिसला की रुपयाचं नाणं ठेवून पट्टी बांधा, आठवड्यात आत जातो. नाही जात. नाळ जिथून आत शिरते, ती पोटाच्या स्नायूंमधली फट जन्मानंतर मिटायला हवी. ती उघडी राहिली की त्यातून बहुधा थोडी चरबी डोकावते, हाच तो हर्निया. नाणं ती वरून दाबतं, फट मिटवत नाही. उलट चिकटपट्टीखालची कातडी लाल होते, ठाण्याच्या पावसाळी दमटपणात तर चिघळतेच. शिवाय पिल्लू पट्टी कुरतडून नाणं गिळू शकतं, ते वेगळंच.

लहान फट मात्र पुष्कळदा ६ महिन्यांच्या आत आपोआप मिटते. नाण्याला फुकटचं श्रेय मिळतं ते इथेच!

‘आईने नाळ ओढली म्हणून झालं’ हेही बहुतेकदा खरं नसतं. दोष सहसा आनुवंशिक असतो, म्हणून अशा कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत.

फुगवटा मऊ आहे, हलकेच दाबल्यावर आत जातो, पिल्लू खेळतंय? मग घाई नको, पण डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा. मिटला नाही तर बरेचदा नसबंदीच्याच भुलीत टाके घालून घेतात.

तोच फुगवटा कडक, गरम, दुखरा झाला, आत जाईना, पिल्लू ओकायला लागलं, तर आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तेव्हा रात्रीचे दोन वाजले असले तरी रिक्षा पकडा.