मंकचा फुकटचा ठोसा आणि फ्लरी ऑफ ब्लोज: पाच नव्हे, चार

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात पाचव्या लेव्हलचा मंक, म्हणजे हातापायाने लढणारा योद्धा, टेबलावर आला की हिशेब हमखास असा मांडला जातो: अटॅक अॅक्शनचे (टर्नमधल्या मुख्य हल्ल्याचे) दोन वार, मार्शल आर्ट्स या मंकच्या कौशल्याचा एक जादा ठोसा, वर एक की पॉइंट (मंकची मोजकी शक्ती) मोजून फ्लरी ऑफ ब्लोजचे, म्हणजे ठोशांच्या सरबत्तीचे, दोन. झाले पाच. खरा आकडा चार. तो जादा ठोसा आणि फ्लरी, दोन्हींना बोनस अॅक्शन (मुख्य कृतीखेरीजची छोटी कृती) लागते आणि ती टर्नला, म्हणजे आपल्या पाळीला, एकच मिळते. फ्लरी घेतली की फुकटचा ठोसा गेला. म्हणजे एक पॉइंट मोजून हातात पडतो तो एकच ठोसा जास्तीचा. एक्स्ट्रा अटॅकमुळे (अटॅक अॅक्शनमधल्या दुसऱ्या वारामुळे) फ्लरी दुप्पट होते असंही काही जण धरून चालतात. एक्स्ट्रा अटॅकचा संबंध फक्त अटॅक अॅक्शनशी.

इथवर सोपं आहे. भांडणं होतात ती 'कधी मिळतो' यावरून, आणि तीही मुख्यतः २०१४ च्या नियमांत. त्यात दोन्हींच्या अटी वेगळ्या लिहिल्या आहेत. फुकटच्या ठोशासाठी अटॅक अॅक्शनमध्ये निदान एक वार नुसत्या हातापायाने किंवा मंक वेपनने (मंकला चालणाऱ्या शस्त्राने) झालेला हवा. फ्लरीची अट त्याहून ढिली: आपल्या टर्नमध्ये अटॅक अॅक्शन घेतली, की ती संपताच पॉइंट मोजा आणि दोन ठोसे मारा. कशाने वार केला हे तिथे कोणी विचारत नाही. मात्र दोन वार मिळत असतील तर दोन्ही उरकूनच. एक वार, मग फ्लरी, मग उरलेला वार असं चालत नाही.

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या टेबलावर बजरंग नावाचा मंक आहे असं धरू. जुम्मादादांच्या आखाड्याच्या गावात त्याच्या हाती लाठी असणार हे ओघानेच आलं. नियमांत ती क्वार्टरस्टाफ, म्हणजे मंक वेपन. दोन्ही हातांनी धरली तर नुकसानासाठी डी८, म्हणजे आठ बाजूंचा फासा, मिळतो. मग डीएम (खेळ चालवणारा डंजन मास्टर) विचारतो, हात मोकळा नाही तर ठोसा कुठून? हात मोकळा लागतच नाही. लाथ, गुडघा, कोपर, डोक्याची धडक, सगळं अनआर्म्ड स्ट्राइकच, म्हणजे बिनशस्त्र वारच.

आता बजरंगने डॅगर फेकला. डॅगर साधं मेली (जवळच्या लढाईचं) शस्त्र आहे, म्हणून फेकला तरी मंक वेपनच. पुढे धावून फुकटचा ठोसा मारता येतो. डार्ट फेकला तर नाही, कारण २०१४ मध्ये डार्ट मंक वेपन नव्हे. तिथे फक्त फ्लरी. शॉर्टबोने बाण मारला तरी फ्लरी मिळते, पण धनुष्य हातात असेपर्यंत मार्शल आर्ट्सचे सगळेच फायदे बंद. ठोशाला डेक्स्टेरिटी (चपळाई) धरता येत नाही आणि डी६ ही मिळत नाही. नुकसान १ अधिक स्ट्रेंग्थ (ताकद) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणावरून मिळणारी भर. स्ट्रेंग्थ १० असेल तर लागलेल्या ठोशाचं नुकसान १. पॉइंट पाण्यात.

दोन्ही वार ग्रॅपलमध्ये (शत्रूला पकडण्यात) घालवले तरी हाच फरक. २०१४ मध्ये ग्रॅपल अनआर्म्ड स्ट्राइक धरत नाहीत, म्हणून फुकटचा ठोसा नाही, फ्लरी आहे. एक ग्रॅपल आणि एक बुक्की केली तर दोन्हींपैकी हवं ते घ्या. डॉज (बचाव), डॅश (जादा धाव) किंवा अपॉर्च्युनिटी अटॅकवर (दूर जाणाऱ्यावरच्या वारावर) यातलं काहीच नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते ओपन हँड ही मंकची उपशाखा घेतलेल्यांचं. पाडणं, १५ फुटांपर्यंत ढकलणं किंवा रिअॅक्शन (इतरांच्या टर्नमधली प्रतिक्रिया) काढून घेणं हे फक्त फ्लरीचा ठोसा लागला तरच. लाठीच्या वारावर नाही, फुकटच्या ठोशावरही नाही. स्टनिंग स्ट्राइकचं (पॉइंट मोजून शत्रूला सुन्न करण्याचं) उलट: जवळून केलेला कुठलाही वार लागला की चालतं, लाठीचासुद्धा. फेकलेला डॅगर मात्र त्यात बसत नाही.

मग पॉइंट कशावर घालवायचा? समोर २०१४ च्या नियमांतला ओगर हा राक्षस घ्या: एसी (वार लागायला गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट (जीव) ५९. डेक्स्टेरिटी १८ चा बजरंग +७ ने मारतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ४ किंवा जास्त पडले की लागलं, ८५ टक्के. ठोसा डी६+४. क्रिटिकल (२० पडल्यावर दुप्पट फासे) धरून फ्लरीचा वाढीव ठोसा सरासरी साडेसहा नुकसान देतो. तोच पॉइंट लाठी लागल्यावर स्टनला दिला तर? विज्डम (शहाणपण) १६ असेल तर डीसी, म्हणजे वाचायला शत्रूने गाठायचा आकडा, १४. ओगरचा कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) सेव्ह, म्हणजे वाचण्याच्या फेकीतली भर, +३, म्हणजे निम्म्या वेळा तो गारद. त्याची पूर्ण टर्न जाते, सरासरी १३ चा सोटा वाचतो, आणि सगळ्या पार्टीला त्याच्यावर अॅडव्हान्टेज (दोन फाशांतला चांगला धरायचा). माझं मत स्पष्ट आहे: पाच पॉइंटच्या मंकने नुसत्या नुकसानासाठी फ्लरी मारू नये. शत्रू शेवटच्या चार-पाच हिट पॉइंटवर असेल तर गोष्ट वेगळी.

दोन पॉइंट असतील तर मात्र जोडी झकास. आधी लाठीने स्टन, मग फ्लरी. स्टन झालेल्याचे स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटी सेव्ह आपोआप फसतात, म्हणून फ्लरीचा ठोसा लागला की ढकलणं पक्कं. डीएमने लढाई विश्वामित्री नदीच्या पुलावर ठेवली असेल, तर पुढचं मगरी बघतील.

२०२४ च्या नियमांनी हा बहुतेक घोळ मिटवला. फुकटच्या ठोशाला अटॅक अॅक्शनची अट नाही, फ्लरीलाही नाही. डॉज घेऊनही मारता येतं. की पॉइंटचं नाव फोकस पॉइंट झालं. ग्रॅपल आणि शव्ह (ढकलणं) आता अनआर्म्ड स्ट्राइकचेच पर्याय, म्हणून बोनस ठोशाच्या जागी पकडता येतं, आणि मंकला डीसीसाठी डेक्स्टेरिटी वापरता येते. पाचव्या लेव्हलला ठोशाचा डाइस डी८. दहाव्या लेव्हलपासून फ्लरीत तीन ठोसे. बोनस अॅक्शन मात्र एकच, त्यामुळे पाचव्या लेव्हलचे चार ते चारच. आणि स्टनिंग स्ट्राइक टर्नला एकदाच. २०१४ मध्ये पॉइंट असतील तितक्यांदा, चारही वारांवर, प्रयत्न करता यायचा. नव्यात त्यासाठी फ्लरी मारणं म्हणजे आधीचे वार चुकले तर निदान एक तरी लागावा, एवढीच सोय.