निराधारचे पैसे वेगळे, बालसंगोपनाचे वेगळे

घरातला कर्ता पुरुष गेला की बाराव्या-तेराव्याच्या आतच कोणीतरी सांगतं, 'तहसीलला निराधारचा फॉर्म भरून टाक.' ही संजय गांधी निराधार अनुदान योजना. महिनाभराने आणखी कोणी सांगतं, 'मुलांचे पैसेपण मिळतात म्हणे.' ती बालसंगोपन योजना. हल्ली तिच्या नावाआधी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. ऐकणारीला दोन्ही एकच वाटतं. ती तालुक्याला एकदा कागद देऊन येते आणि मुलांचे पैसे कधी येणार म्हणून वर्षभर वाट बघते. मुलांचा अर्ज मुळात कोणी लिहिलेलाच नसतो. उलटंही होतं. तहसीलमधून 'उत्पन्न जास्त' म्हणून अर्ज परत आला की आपण कशातच बसत नाही असं धरून ती मुलांच्या अर्जाकडे फिरकतच नाही. हे दुसरं नुकसान मोठं, कारण रकमेने पाहिलं तर मुलांचीच योजना भारी आहे.

निराधार योजना सामाजिक न्याय विभागाची, पण चालते महसूल खात्यातून: तलाठी, तहसीलदार आणि तालुक्याची समिती. (तलाठ्याच्या दारावर आता 'ग्राम महसूल अधिकारी' अशी पाटी असते, लोक तलाठीच म्हणतात.) पैसे बाईच्या नावाने, महिन्याला १५०० रुपये. मुलं एक असो की तीन, रक्कम तेवढीच. वय ६५ च्या आत लागतं. पुढे वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, दिव्यांग, क्षयरोग-कर्करोगासारखा आजार असलेले असे बरेच गट निराधार योजनेत येतात.

बालसंगोपन महिला व बालविकास विभागाचं. कचेरी जिल्ह्याच्या गावी: रत्नागिरीत, सिंधुदुर्गसाठी ओरोसला, रायगडसाठी अलिबागला. पैसे मुलाच्या नावाने, दर मुलामागे महिन्याला २२५० रुपये, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. शाळकरी मुलं दोन असतील तर ४५०० रुपये. आदेश बाल कल्याण समिती काढते. ही समिती बाल न्याय कायद्याखालची, अध्यक्ष आणि चार सदस्यांची. तिच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की या मुलाला मदतीची गरज आहे का. आई 'निराधार' ठरली की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नसतं.

म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी करता येतात. एक आईचा, एक मुलाचा. लाभार्थीच वेगळा असल्याने एक मिळाला म्हणून दुसरा तुटत नाही. तहसीलच्या टेबलावर मात्र हे कोणी आपणहून सांगत नाही. ते त्यांच्या खात्याचं कामच नव्हे.

आता निराधारचा अर्ज कुठे अडकतो ते पाहू. कोकणात तो बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकतो. अट आहे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असण्याची, दिव्यांगांसाठी ५०,००० ची. हा २१,००० चा आकडा आता हास्यास्पद झाला आहे. दिवसाला ३०० रुपये मजुरी धरली तर ७० दिवसांत तो भरतो. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला आणि लावणीला गेलेली बाई एवढी कमाई सहज करते. तरी अट आहे ती आहे, आणि दाखला तिच्या आत बसावा लागतो.

त्यात सामाईक सातबारा. एका गटाला वीस-पंचवीस नावं, वारस नोंद आजोबांच्या वेळेला थांबलेली, नवऱ्याचा हिस्सा चार गुंठे खाचर. त्याच खात्यावर पीक पाहणीत चुलत्याच्या कलमांची नोंद 'आंबा' म्हणून दिसते, आणि आंबा दिसला की दाखल्यातला आकडा फुगतो. इथे तोंडी सांगून भागत नाही. तलाठ्याकडच्या जबाबात लिहून घ्यायला सांगा की खातं सामाईक आहे, आपला हिस्सा एवढा, कलमांचं उत्पन्न अमुक जण घेतात. खाली पंचांच्या सह्या. वाडीतले दोन जण सोबत नेले तर काम त्याच दिवशी होतं.

याच भीतीपोटी काही बायका वारस नोंदच करून घेत नाहीत. 'सातबाऱ्यावर नाव लागलं की निराधार जाईल' हे वाडीवाडीत ऐकू येतं. अट उत्पन्नाची आहे, नाव लागण्याची नाही. चार गुंठ्यांवर नाव लागलं म्हणून उत्पन्न वाढत नाही. मात्र नाव न लावता पाच-सात वर्षं गेली आणि भावकीने जमीन विकायला काढली, तर मुलांचा हिस्सा भांडून मिळवावा लागतो. दिराचा हा सल्ला असेल, तर तो कोणाच्या सोयीचा आहे तेही बघावं.

दुसरी अडचण रेशनकार्डाची. नाव सासऱ्याच्या कार्डात, त्याच कार्डात मुंबईला नोकरीला असलेला दीर. मग कुटुंबाचं उत्पन्न काढताना त्याचा पगार धरला जातो. चूल खरोखर वेगळी असेल तर आधी विभक्त कार्ड करून घ्या, मग उत्पन्नाचा दाखला काढा. क्रम उलटा झाला की दाखला पुन्हा काढावा लागतो. आणि या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. दारातला एजंट लागतो म्हणाला तर दुसऱ्या सेवा केंद्रात जा.

तिसरी अट महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहिल्याची. नवऱ्यामागे इतकी वर्षं मुंबईला काढलेल्या बाईला वाटतं की गावात राहिलो नाही म्हणजे बाद. तसं नाही. अट राज्यातल्या वास्तव्याची आहे, मुंबईची वर्षं धरली जातात. खरी ओढाताण होते ती दोडामार्ग-सावंतवाडीकडे, जिथे माहेर गोव्यात किंवा बेळगावकडे असतं. तिथे लग्नानंतरच्या वर्षांचा पुरावा जमवावा लागतो: मुलांचे जन्मदाखले, मतदार यादी, जुनं रेशनकार्ड.

मृत्यूचा दाखला दोन्ही अर्जांना लागतो, आणि चाकरमान्यांच्या घरात नेमका तोच चुकीच्या ठिकाणी मागितला जातो. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. मुंबईत गेलेल्या माणसाला गाडी करून गावी आणलं, अग्नी गावात दिला, तरी नोंद मुंबईच्या महापालिकेत. ग्रामपंचायत ती करू शकत नाही. गोव्यात कामाला असताना गेला तर नोंद गोव्यात. नोंदीची मुदत २१ दिवसांची. पुढे विलंब शुल्क आणि परवानग्या, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून नाव वाचा. कार्डावर 'भिकू', आधारवर 'भिकाजी' आणि दाखल्यावर 'भिवा' असेल तर पुढच्या प्रत्येक टेबलावर हाच प्रश्न येणार. दुरुस्तीही त्याच नोंदणी कार्यालयात होते.

समुद्रावर गेलेला खलाशी परतलाच नाही आणि प्रेतही मिळालं नाही, तर गोष्ट वेगळी. मृत्यूचा दाखला निघत नाही. कायद्याने मृत मानायला साधारणपणे सात वर्षं काही खबरबात नसावी लागते. तोवर ती कागदोपत्री विधवा नाही, आणि निराधारमध्ये विधवा म्हणून अर्ज टिकत नाही. पण बालसंगोपनात ज्यांच्या पालकाचा ठावठिकाणा लागत नाही अशी मुलंही बसतात. पोलीस ठाण्यातल्या बेपत्ता नोंदीची प्रत घेऊन मुलांचा अर्ज लगेच करावा, सात वर्षं थांबू नये. नवरा सोडून गेलेला, तुरुंगात असलेला, किंवा अंथरुणाला खिळलेला, या घरांतल्या मुलांनाही हेच लागू. वडीलच जायला हवेत असं नाही. आई गेली आणि बाप मुलांना सांभाळतो आहे, तोही मुलांसाठी अर्ज करू शकतो. हे पुरुषांना सहसा ठाऊक नसतं.

बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात किंवा त्याच छत्राखालच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जातो. प्रत्येक मुलाचा वेगळा. सोबत मुलाचं आणि पालकाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला, पासबुक. आणि एक फोटो, ज्यावर हमखास घोटाळा होतो. पोस्टकार्ड आकाराचा, मूल आणि सांभाळणारा पालक आपल्या घरासमोर एकत्र उभे असलेला. लोक तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन निळ्या पडद्यापुढे काढून आणतात. तो चालत नाही. घर दिसलं पाहिजे: दार, पडवी, छप्पर कौलाचं की पत्र्याचं. मोबाईलवर काढून छापून घेतला तरी पुरतो. दोन मुलं असतील तर दोन फोटो, प्रत्येकात ज्याचा अर्ज तोच मुलगा किंवा मुलगी पालकाबरोबर.

मग गृहचौकशी होते. समाजसेवक घरी येतात किंवा बोलावतात, शेजाऱ्यांना विचारतात, अहवाल लिहितात. त्या दिवशी घर आवरून, उसनी खुर्ची आणून बसवण्याची हौस करू नये. जे आहे ते दिसू द्यावं, विचारतील ते सरळ सांगावं. पुढे मुलाला घेऊन समितीसमोर जायचं. मंडणगडहून रत्नागिरी किंवा पोलादपूरहून अलिबाग म्हणजे एसटीने अख्खा दिवस, शाळेची आणि मजुरीची खोटी वेगळी. तेव्हा आधी फोन करून समिती त्या दिवशी बसणार आहे का ते विचारावं, झेरॉक्सचे दोन संच आणि सगळे मूळ कागद न्यावेत. जिल्ह्याला जाणं जमतच नसेल तर अंगणवाडी सेविकेकडून किंवा गावच्या बाल संरक्षण समितीमार्फत सुरुवात करता येते. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, त्यावरही जिल्ह्याच्या कक्षाकडे निरोप जातो.

याच टेबलावर आणखी एक गल्लत होते. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४००० रुपये असतात, त्याची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० रुपये, इतरत्र ९६,०००. गट जवळपास तेच, कागदही तेच. एका मुलाला दोन्ही मिळत नाहीत. त्यामुळे अर्ज देताना तो कशात घालताय हे विचारावं, आणि दाखला ७२,००० च्या आतला असेल तर वात्सल्यसाठी आग्रह धरावा. ते साधारण तीन वर्षांपुरतं मंजूर होतं, म्हणून लहान मूल असेल तर पुढचा हिशोबही आताच विचारून ठेवलेला बरा.

आधी कुठला अर्ज? शक्य असेल तर दोन्ही एका आठवड्यात. एकच धरायचा झाला तर मुलाचा. आईचं वय ६५ ला पोचायला वेळ असतो, मुलाचं वय १८ कडे रोज सरकतं, आणि अर्जाआधीच्या महिन्यांचे पैसे मागाहून कोणी देत नाही. दहावीतल्या मुलाचा अर्ज सहा महिने लांबला की १३,५०० रुपये गेले.

लाडकी बहीणचा गुंता आईच्या बाजूला आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा जास्त घेणारी बाई लाडकी बहीणला पात्र नाही. निराधार मंजूर झालं की लाडकी बहीण सोडावी लागते. दोन्ही चालू राहिले तर पडताळणीत नाव निघतं. मुलाचे पैसे मुलाच्या नावाचे असल्याने ते यात मोजले जाऊ नयेत.

मंजुरीचा कागद आला, पैसे नाहीत, अशी तक्रार खूप असते. निराधारचे पैसे आता आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. अर्जावर लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधार शेवटी जिथे जोडलं गेलं तिथे. पोस्टमन दारात येऊन पोस्टाच्या पेमेंट बँकेचं खातं उघडून गेलेला असतो, आणि बाई दर महिन्याला जिल्हा बँकेचं पासबुक भरून बघत असते. कुठल्याही बँकेत 'आधार कुठे लिंक आहे' एवढं विचारलं की कळतं. निराधारला दर वर्षी हयातीचा दाखला लागतो, तो राहिला की हप्ता थांबतो. बालसंगोपनात शाळेचं बोनाफाईड दर वर्षी द्यावं लागतं, शाळा बदलली तर नवीन शाळेचं. मुलाचं आधार पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांच्या ठशांसह अद्ययावत करावं लागतं. पंधराव्याचं बहुतेक जण विसरतात.

अठरा पूर्ण झाल्यावर बालसंगोपन थांबतं, मूल बारावीत असलं तरी. तेव्हा कोणीतरी 'अनुरक्षण'चं नाव सुचवतं. ती सोय बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या १८ ते २१ वयाच्या मुलांसाठी आहे. घरी आईजवळ वाढलेल्या मुलाला ती लागू नाही. अनाथांच्या १ टक्का आरक्षणाचंही तसंच, आई हयात असेल तर ते प्रमाणपत्र निघत नाही. या मुलांचा पुढचा मार्ग शिष्यवृत्तीचा, म्हणजे महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचा. त्याला जातीचा, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला लागतो. जातीचा आणि अधिवासाचा अकरावीच्या सुट्टीतच काढून ठेवावा, बारावीच्या निकालानंतर सेतूत रांग असते. आणि अठरावा वाढदिवस झाला की बँकेत जाऊन मुलाचं अज्ञान (मायनर) खातं सज्ञान करून घ्यावं, नवीन सही आणि केवायसी देऊन. ते राहिलं की खातं गोठतं आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता परत जातो.