गंगेवर फिरताना घंटा वाजल्या, पण फिरत होतं कोण?

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. 'गंगेवर फिरताना देवळांतल्या घंटा वाजू लागल्या' हे वाक्य इथे कुणालाच खटकत नाही. पण कॉलेज रोडवरच्या इंग्रजीच्या क्लासात तेच 'वॉकिंग बाय द रिव्हर, द बेल्स बिगॅन टु रिंग' असं वहीत उतरलं, की त्याभोवती लाल गोल पडतो. घंटाच फिरायला निघाल्या ना! याला 'डँगलिंग मॉडिफायर' म्हणतात, म्हणजे धनी हरवल्यामुळे लोंबकळत राहिलेला वाक्यखंड.

निष्काळजीपणा म्हणून मुलांना याबद्दल बोलणी बसतात. मला ते पटत नाही. मूल मराठी बरोबर बोलतं, म्हणूनच इथे चुकतं. 'फिरताना'चा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच हवा, असं मराठीचं बंधन नाही.

'येऊन', 'जाऊन' यांतल्या 'ऊन' या प्रत्ययाची गोष्ट आणखी मजेशीर. संस्कृतात 'गत्वा', 'कृत्वा' अशा रूपांसाठी पाणिनीने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सूत्र घातलं: 'समानकर्तृकयोः पूर्वकाले' (३.४.२१). दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा. इंग्रजी शिक्षकाचा लाल गोल याहून वेगळं काय सांगतो? मराठीतला 'ऊन' महाराष्ट्री प्राकृतातल्या 'ऊण'वरून आला आणि वाटेत तो नियम सैल झाला. 'त्याला नाशकात येऊन दोन वर्षं झाली' यात आला तो, झाली मात्र वर्षं.

इंग्रजी उलट्या वाटेने गेली. जुन्या इंग्रजीत 'वॉकिंग'सारख्या धातुसाधितांनाही, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या शब्दांनाही, विशेषणांसारखे विभक्तिप्रत्यय लागत, त्यामुळे कोण कुणाचं ते रूपावरून कळे. पुढे प्रत्यय झडले आणि सगळा भार शब्दाच्या जागेवर पडला. तरी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये भूत म्हणतं, 'स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी'. आजच्या नियमाने झोपला साप! १९१८ मध्ये अमेरिकी प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी आपल्या लेखनशैलीच्या पुस्तकात वाक्यारंभीचा असा खंड कर्त्यालाच जोडलेला हवा, असा नियम छापला. १९२६ मध्ये इंग्रजी शब्दवापराचे कोशकार फाउलर यांनीही अशा सुट्या धातुसाधितांवर बोट ठेवलं. मात्र 'कन्सिडरिंग'सारखे शब्द आता शब्दयोगी अव्ययासारखे झालेत, म्हणून त्यांना मोकळीक दिली.

दुरुस्ती दोन्हीकडून होते. 'वॉकिंग बाय द रिव्हर, वी हर्ड द बेल्स' म्हणून कर्ता बदला, नाहीतर 'ॲज वी वॉक्ड बाय द रिव्हर' म्हणून खंडालाच त्याचा कर्ता द्या. मराठीत न उच्चारलेलं 'आम्ही' इंग्रजीत कुठेतरी लिहावंच लागतं.