घरातील झाडांवर तणनाशकांचा परिणाम

कुंडीतले तण हाताने उपटता येते, त्यामुळे घरातल्या झाडांवर तणनाशक सहसा कोणी मुद्दाम मारत नाही. ते पोहोचते ते आडवाटेने: बाहेरच्या फवारणीचे तुषार उघड्या खिडकीतून आत येतात, तणनाशकाचा पंप किंवा झारी नीट न धुता पुन्हा वापरली जाते किंवा दोष खतातच असतो. कुंडीत माती मोजकी असते आणि मुळांना दुसरीकडे पसरायला जागा नसते, म्हणून थोडी मात्राही झाडाला भारी पडते.

पॅराक्वाट हे स्पर्शजन्य तणनाशक उजेडात काही तासांतच काम करू लागते. थेंब पडला तेवढाच भाग करपतो, उरलेले पान हिरवे राहते. ग्लायफोसेट (1974 पासून बाजारात) आंतरप्रवाही आहे. ते पानातून शिरून अन्नरसाबरोबर शेंड्यांपर्यंत व मुळांपर्यंत जाते आणि काही आवश्यक अमिनो आम्लांची निर्मिती थांबवते. कोवळी पाने पिवळी-पांढरट पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर मूळ कारण विसरलेले असते. मातीत मात्र ते कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे मुळांवाटे फारसे शोषले जात नाही.

टू-फोर-डी आणि डायकांबा ही तणनाशके ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकाची नक्कल करतात. देठ खाली वळतात, खोड पिळवटते, नवी पाने वाटीसारखी मुडपतात, तर काही अरुंद होऊन त्यांच्या शिरा जवळजवळ समांतर दिसू लागतात. टू-फोर-डीच्या काही प्रकारांची उन्हात वाफ होते, त्यामुळे वारा नसतानाही ते झाडापर्यंत येऊ शकते.

सर्वांत फसवे प्रकरण शेणखताचे. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके फवारलेला चारा जनावराने खाल्ला तरी ही रसायने शेणात शाबूत उतरतात आणि खत कुजल्यावरही टिकू शकतात. टोमॅटो, घेवडा यांसारख्या झाडांना त्यांचा अंशही पुरतो. ‘सेंद्रिय’ म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. शंकास्पद खत मातीत मिसळून त्यात घेवड्याचे दाणे पेरावेत आणि दोन-तीन आठवडे रोपांची नवी पाने पाहावीत.

पाने मुडपली की तणनाशकच असे नाही. कोळी ही अगदी बारीक कीड आणि विषाणूही तशीच लक्षणे देतात. कोळी भिंगातून कोवळ्या पानांखाली सापडतात. वेगवेगळ्या जातींची झाडे एकाच सुमारास वाकडी झाली, तर संशय तणनाशकावर घ्यावा.

उतारा नाही. थेंब नुकते पडले असतील तर पाने लगेच भरपूर पाण्याने धुवावीत. दोष मातीत असेल तर ती बदलावी. जोर यावा म्हणून खत घालू नये, आजारी मुळांवर त्याचा ताणच पडतो. मुडपलेली पाने पुन्हा सरळ होत नाहीत, म्हणून झाड सावरले की नाही हे त्यानंतर येणाऱ्या पानांवरून ठरवावे. काढलेली माती दुसऱ्या कुंडीत किंवा खताच्या ढिगात टाकू नये.