५३७ मतांचा राग

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या २०२४ च्या निवडणुकीचा निकाल लागला, त्यानंतरच्या रविवारी माझ्या भाच्याचा नेहमीप्रमाणे फोन आला. तो गेली अठरा वर्षे न्यू जर्सीतील एडिसनला राहतो, तिथला नागरिक आहे आणि डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतो. आधीची दोन वर्षे दर रविवारी तो मला अंड्यांचे, दुधाचे आणि घरभाड्याचे वाढलेले दर न चुकता सांगत असे. त्या दिवशी मात्र महागाईविषयी अवाक्षरही न काढता तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत राहिला : "मामा, बायडेनने वर्षभर आधीच बाजूला व्हायला हवं होतं." निवडून आलेल्या ट्रम्प यांच्याविषयी त्याला राग होताच, पण त्याच्या बोलण्याला खरी धार चढत होती ती आपल्याच पक्षाच्या नेत्याचे नाव निघाल्यावर.

पुढे मार्च २०२५ मध्ये सीएनएनच्या जनमत चाचणीची बातमी वाचली. डेमोक्रॅटिक पक्षाविषयी चांगले मत असणाऱ्यांचे प्रमाण २९ टक्क्यांवर आले होते. १९९२ पासूनच्या त्यांच्या नोंदींतील हा नीचांक होता आणि त्यात पक्षाच्या स्वतःच्या समर्थकांच्या नाराजीचा मोठा वाटा होता. भाच्याचा राग एकट्याचा नव्हता, हे त्यावरून कळले.

पराभव जेवढा मोठा तेवढा राग मोठा, आणि ज्याने अधिक नुकसान केले त्याच्यावर तो अधिक, असे आपण गृहीत धरून चालतो. हा हिशेब सरळ वाटतो, पण मानसशास्त्रातले गेल्या चाळीसेक वर्षांतले प्रयोग वेगळेच सांगतात. राग कोणावर काढायचा हे ठरवताना मन नुकसानाचे मोजमाप करत नाही. घडलेल्या घटनेतली कोणती गोष्ट मनातल्या मनात सहज बदलता येते, हे ते पाहते.

१९८४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर मॉन्डेल ५० पैकी ४९ राज्यांत हरले. त्यांना मिनेसोटा हे स्वतःचे राज्य आणि राजधानीचा जिल्हा एवढेच मिळाले, आणि देशभरात ते रोनाल्ड रेगन यांच्यापेक्षा सुमारे १ कोटी ६९ लाख मतांनी मागे राहिले. मॉन्डेल यांनी अमुक राज्यात आणखी दोन सभा घेतल्या असत्या तर निकाल फिरला असता, असे म्हणणारा कोणी भेटत नाही. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४४ हजार मते जास्त पडली, फ्लोरिडात मात्र ते ५३७ मतांनी मागे पडले आणि अध्यक्षपद गेले. त्या ५३७ मतांवरून डेमोक्रॅटिक मतदार आजही कोणावर तरी चिडलेले असतात : कोणी ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांच्यावर, कोणी फेरमोजणी थांबवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयावर, कोणी खुद्द गोर यांच्यावर.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये लोकांपुढे एक साधा प्रसंग ठेवला. दोन प्रवासी एकाच गाडीतून विमानतळाकडे निघाले आहेत, वाटेत वाहतूक कोंडीत अडकतात आणि विमानांच्या ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने पोहोचतात. पहिल्याला कळते की त्याचे विमान वेळेवर सुटले. दुसऱ्याला कळते की त्याचे विमान उशिरा निघाले आणि पाचच मिनिटांपूर्वी सुटले. दोघांचेही विमान चुकले आहे, दोघांचे नुकसान सारखेच आहे. तरीही ९६ टक्के लोकांनी सांगितले की दुसऱ्याला जास्त वाईट वाटेल. कारण त्याच्या बाबतीत "तो एक सिग्नल लागला नसता तर" हे दृश्य मनापुढे चटकन उभे राहते. मानसशास्त्रज्ञ याला काउंटरफॅक्च्युअल थिंकिंग म्हणतात, आपण 'जर-तर' म्हणतो. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, असे म्हणून आपण ही वृत्ती झटकून टाकतो खरे, पण मन ती सोडत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील खेळाडूंचे चेहरे अभ्यासणाऱ्यांना रौप्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कांस्यपदक मिळवणारे अधिक आनंदी दिसले, त्याचे कारणही हेच सांगितले जाते : एकाला हुकलेले सुवर्ण दिसत होते, दुसऱ्याला हुकलेच असते असे पदक हातात दिसत होते.

इथे थोडे गणित करावे लागेल, कारण माझ्या मते साऱ्या प्रकरणाची कळ त्यातच आहे. एखाद्या गोष्टीमुळे पराभव झाला असे म्हणण्याची रोजच्या व्यवहारातली कसोटी अशी असते की ती गोष्ट काढून टाकली तर निकाल उलटला पाहिजे. आता मतांचे अंतर 'अ' आहे असे माना. ज्या ज्या कारणाने 'अ' पेक्षा जास्त मतांचा फरक पडला, ते प्रत्येक कारण या कसोटीला उतरते. 'अ' जर १ कोटी ६९ लाख असेल, तर एवढ्या ताकदीचे एखादे सुटे कारण शोधूनही सापडत नाही. 'अ' जर ५३७ असेल, तर कारणांची रांग लागते. नेडर यांना फ्लोरिडात ९७,४८८ मते पडली. त्यांतील एक छोटासा हिस्सा गोर यांच्याकडे वळला असता तरी पुरला असता. मतपत्रिकेची मांडणी, एखाद्या मतदान केंद्रावरची गैरसोय, रद्द झालेली एखादी सभा, यांतले काहीही पुरेसे ठरू शकते. त्यातच गोर यांनी टेनेसी हे स्वतःचे राज्य गमावले होते; तिथली ११ निर्वाचक मते (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष प्रत्यक्ष ठरवणारी मते) मिळती तर फ्लोरिडाची गरजच उरली नसती. म्हणजे "याच्यामुळे हरलो" हे विधान एकाच वेळी दहा जणांविषयी खरे ठरते आणि प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण शंभर टक्के दोष येतो. या कसोटीत दोषाची बेरीज शंभरावर थांबत नाही; अंतर जितके कमी होते तितकी ती फुगत जाते. चिडलेला प्रत्येक मतदार आपापल्या गुन्हेगाराकडे बोट दाखवतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो, एवढेच की तेच बोट आणखी नऊ दिशांनाही तितक्याच न्यायाने दाखवता आले असते.

अमेरिकेची निवडणूक पद्धत अशी निसटती अंतरे वारंवार निर्माण करते. ५० पैकी ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त त्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मते मिळतात, त्यामुळे कोट्यवधी मतांचा फैसला दोन-तीन राज्यांतल्या काही हजारांवर येऊन ठेपतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मते जास्त मिळाली. पण विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी, मिशिगन १०,७०४ मतांनी आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी गेले.

एवढ्या पुरेशा कारणांतून मन एकच का निवडते, याचेही उत्तर कानमन आणि ट्वर्स्की यांच्या प्रयोगांत मिळते. त्यांनी एका गृहस्थाची गोष्ट रचली. कचेरीतून घरी जाताना एका चौकात, सिग्नल तोडून आलेल्या ट्रकच्या धडकेत ते मरण पावतात. गोष्टीच्या एका आवृत्तीत ते त्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने गेलेले असतात, दुसरीत नेहमीपेक्षा लवकर निघालेले असतात. पहिली आवृत्ती वाचलेले लोक हळहळतात की ते नेहमीच्या रस्त्याने गेले असते तर. दुसरी वाचलेले म्हणतात की ते वेळेवर निघाले असते तर. चौकात दोन-तीन सेकंद आधी पोहोचले असते तरी जीव वाचला असता, हे तितकेच खरे असूनही जवळजवळ कोणाला सुचत नाही. म्हणजे मन नेहमीच्या गोष्टी तशाच ठेवते आणि जे वेगळे, चाकोरीबाहेरचे, तेवढेच बदलून पाहते. महागाई, सत्तेत असण्याचा तोटा, मतदारांच्या रचनेतले संथ बदल हा नेहमीचा रस्ता झाला; एका माणसाचा एक वेगळा निर्णय हा समुद्रकिनाऱ्याचा रस्ता.

क्लिंटन यांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. उमेदवारी मिळाल्यानंतर त्या विस्कॉन्सिनला एकदाही प्रचाराला गेल्या नाहीत. ही गोष्ट वेगळी होती, तिची जबाबदारी एका व्यक्तीवर टाकता येत होती, आणि म्हणून गेली अनेक वर्षे तीच पराभवाचे कारण म्हणून सांगितली जाते. आकडे तसे म्हणत नाहीत. राज्यवार निकालांप्रमाणे त्यांच्या वाट्याला २३२ निर्वाचक मते होती. विस्कॉन्सिनची १० मिळवली तर २४२ होतात, मिशिगनची १६ मिळवली तर २५८. बहुमताचा २७० चा आकडा गाठायला पेनसिल्व्हेनियाची २० लागतातच, आणि त्या राज्यात तर त्यांनी भरपूर सभा घेतल्या होत्या, मतदानाच्या आदल्या रात्रीची फिलाडेल्फियातली प्रचंड सभाही तिथलीच. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस विस्कॉन्सिनला वारंवार गेल्या आणि तिथे सुमारे २९ हजार मतांनी, म्हणजे क्लिंटन यांच्यापेक्षाही अधिक फरकाने हरल्या. एका उदाहरणाने सिद्धान्त ठरत नाही, पण ज्या 'जर-तर'वर इतका राग खर्च झाला ते किती कच्चे होते, एवढे यातून नक्की कळते.

दुसरा नियम क्रमाचा आहे. डेल मिलर आणि साकू गुणसेगरम यांनी १९९० मध्ये दोन माणसांचा एक काल्पनिक खेळ मांडला. दोघांनी एकेक नाणे उडवायचे, दोघांचे सारखे पडले तर दोघांना हजार-हजार डॉलर, नाही तर कोणालाच काही नाही. पहिल्याचा छापा पडतो, दुसऱ्याचा काटा. दोघांचा वाटा अगदी समसमान असूनही बहुतेक लोक दुसऱ्याला दोष देतात, कारण तोपर्यंत पहिले नाणे 'झालेली गोष्ट' होऊन बसलेले असते. आपल्याकडे शारजातल्या १९८६ च्या सामन्यातला शेवटचा चेंडू सगळ्यांना आठवतो. त्याआधीच्या षटकांत दिलेल्या धावा तितक्याच मोलाच्या होत्या, पण त्या कोणाच्या होत्या हे कोणाला आठवत नाही.

२०२० च्या निवडणुकीनंतर रिपब्लिकन मतदारांचा संताप याच वाटेने गेला. ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील मिळून ४२,९१८ मतांच्या फरकाने ट्रम्प यांची बरोबरीची संधी हुकली होती. जॉर्जियातील फरक ११,७७९ मतांचा होता, आणि २ जानेवारी २०२१ रोजी त्या राज्याच्या निवडणूक प्रमुखांना फोन करून ट्रम्प यांनी मागितलेला आकडा होता ११,७८०. नेमके एक मत जास्त. मनातल्या मनात निकाल पुसून पुन्हा लिहिण्याची जी क्रिया एरवी डोक्याच्या आत राहते, ती इथे सत्तेच्या बळावर बाहेर आली, हे मला अत्यंत गंभीर वाटते. चारच दिवसांनी, ६ जानेवारीला, कॅपिटॉल या संसद भवनावर चालून गेलेल्या जमावाच्या घोषणांत उपाध्यक्ष माइक पेन्स यांना फाशी देण्याची मागणी होती आणि बाहेर फाशीचा सांगाडा उभा केलेला होता. पेन्स त्यांच्याच पक्षाचे होते आणि त्या दिवशी निर्वाचक मतांची मोजणी जाहीर करण्यापलीकडे त्यांना अधिकार नव्हता. मात्र साखळीतली शेवटची कडी ते होते. ते दुसरे नाणे होते.

या मागे वळून पाहण्यातूनच भाकितांचा बाजारही पोसला जातो. निकाल लागला की "मी हे आधीच सांगितले होते" म्हणणारे ज्योतिषी आपल्या वाहिन्यांवर हजर होतात आणि चुकलेली भाकिते कोणी मोजत नाही. अमेरिकेतही, वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाने मतदानापूर्वीचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना जिंकला तर सत्ताधारी पक्ष टिकतो, असा 'नियम' १९४० ते २००० पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीला लागू पडलेला दाखवता येत असे. २००४ मध्ये तो मोडला, २०१२ मध्ये पुन्हा मोडला. हजारो संघांच्या लक्षावधी सामन्यांत असा एखादा योगायोग सापडणारच; त्याला नियम म्हणणे ही अंधश्रद्धाच आहे, मग ती संगणकावर मांडलेली का असेना.

आता भाच्याच्या वाक्याकडे येतो. बायडेन २१ जुलै २०२४ रोजी माघार घेतात, हॅरिस यांना १०७ दिवस मिळतात, आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे २ लाख ३० हजार मतांनी हातची जातात. माघारीचा उशीर वेगळा होता, एका माणसाचा होता आणि मतदानाच्या जवळचा होता. मनाला हव्या असलेल्या तिन्ही खुणा त्यात होत्या. तो निर्णय चुकीचा नव्हता असे मी म्हणत नाही. पण जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर गेलेली महागाई त्या हिशेबात कुठेच नव्हती. महागाईने त्रासलेल्या जगात त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सत्ताधारी हुजूर पक्ष १२१ जागांवर घसरला आणि जपानमध्ये सत्ताधारी आघाडीने बहुमत गमावले, तिथे तर बायडेन नव्हते. ज्या अंड्यांचा भाव भाच्याने मला शंभर रविवार सांगितला, ती अंडी त्याच्या रागात नव्हती.

हा राग टिकतो किती, यावर १९९४ च्या टेक्सासच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत डॅनियल गिल्बर्ट, टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास आहे. जॉर्ज बुश (पुढे २००० मध्ये गोर यांना हरवणारे तेच) निवडून आले तर महिन्याभरानंतर आपण किती दुःखी असू, हे त्यांच्या प्रतिस्पर्धी अ‍ॅन रिचर्ड्स यांच्या मतदारांना आधीच विचारले होते. महिन्यानंतर ते त्यांच्या अंदाजापेक्षा कमी दुःखी निघाले, आणि बुश यांच्याविषयीचे त्यांचे मतही त्यांना वाटले होते त्यापेक्षा बरे होते. फ्लोरिडाचा राग मात्र इतका सहज विरला नाही, आणि त्याला एक सबळ कारण आहे.

फ्लोरिडातील पाम बीच काउंटीतील, म्हणजे जिल्ह्यातील, मतपत्रिका फुलपाखराच्या पंखांसारखी दोन पानांवर पसरलेली होती आणि छिद्रे मधल्या ओळीत होती. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. पण मधले दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या रिफॉर्म पक्षाच्या उमेदवाराचे होते, गोर यांचे तिसरे. ब्युकॅनन यांना तिथे ३,४०७ मते पडली, आणि त्यांतली बरीचशी आपल्यासाठी नसावीत असे त्यांनी स्वतःच सांगितले. दोन-दोन छिद्रे पाडल्यामुळे आणखी सुमारे १९ हजार मतपत्रिका बाद झाल्या. संशोधकांनी २००१ मध्ये टपाली मतांशी तुलना केली, कारण टपाली मतपत्रिकेची मांडणी फुलपाखरासारखी नव्हती. केंद्रावर मत दिलेल्यांत ब्युकॅनन यांचे प्रमाण जवळजवळ चौपट भरले. गोर यांची २,००० हून अधिक मते अशी भलतीकडे गेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे, म्हणजे ५३७ च्या कितीतरी पट. इतक्या 'जर-तर'मधले हे एक मोजून पाहिल्यावरही टिकले.

ती मतपत्रिका तयार करणाऱ्या काउंटीच्या निवडणूक अधिकारी त्या वेळी डेमोक्रॅटिक पक्षाच्याच होत्या. त्यांच्याकडे संतापाची पत्रे आली आणि २००४ मध्ये त्या स्वतःची निवडणूक हरल्या. उमेदवारांची नावे दोन पानांवर त्यांनी पसरली होती ती अक्षरे मोठी ठेवता यावीत म्हणून, कारण त्या काउंटीत वृद्ध मतदार फार होते आणि त्यांना बारीक टाइप वाचता येत नव्हता.