संत मलाकी आणि पोपांची ती यादी

एप्रिल 2025 मध्ये पोप फ्रान्सिस गेले आणि जुना मजकूर पुन्हा फिरू लागला: ‘आयर्लंडच्या संत मलाकींनी बाराव्या शतकातच 112 पोपांची यादी लिहून ठेवली होती, आता शेवटचा पोप आणि मग रोमचा विनाश.’ 8 मे रोजी लिओ चौदावे निवडून आले, तरी तो मजकूर काही थांबला नाही.

मलाकी खरे होते. जन्म 1094, पुढे आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप. सिस्टर्शियन या कॅथलिक संन्यासी पंथाचा आयर्लंडमधला पहिला मठ 1142 मध्ये मेलिफाँटला उभा राहिला, तो त्यांच्याच प्रयत्नांनी. 1148 मध्ये रोमच्या वाटेवर फ्रान्समधल्या क्लेर्व्होच्या मठात त्यांनी प्राण सोडला, तेव्हा त्यांचे मित्र संत बर्नार्ड जवळच होते. बर्नार्डनीच पुढे त्यांचं चरित्र लिहिलं. त्यात मलाकींचे चमत्कार भरभरून आहेत, पण पोपांच्या यादीचा एक शब्दही नाही!

ती यादी पहिल्यांदा छापली गेली 1595 मध्ये, व्हेनिसला. म्हणजे मलाकींच्या मृत्यूनंतर तब्बल 447 वर्षांनी. आणि खरी मेख पुढेच आहे. यादीत पोपांची नावं नाहीत, प्रत्येकाचं मोजक्या शब्दांत कोड्यासारखं वर्णन आहे. 1590 पर्यंतच्या पोपांची वर्णनं त्यांच्या गावाशी, घराण्याशी, मानचिन्हाशी चपखल जुळतात. त्यानंतरची इतकी मोघम की कोणालाही लावावीत. त्या वर्षीच्या निवडणुकीसाठीचं वर्णन होतं ‘नगरीच्या प्राचीनत्वातून’. इटलीतल्या ऑर्विएतो या गावाच्या नावाचा अर्थच ‘जुनं नगर’, आणि तिथले कार्डिनल (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी एक) सिमोंचेल्ली तेव्हा शर्यतीत होते. यादी त्यांच्यासाठीच रचली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सिमोंचेल्ली मात्र पोप झालेच नाहीत.