प्रात्यक्षिकाच्या गुणांवर हरकत घ्यायची असेल तर

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात गुण कमी पडले म्हणून केलेला अर्ज फेटाळला जातो तो सहसा एकाच कारणाने: अर्जात नाराजी असते, रीडिंग नसतात. ‘मित्राला जास्त मिळाले’ हे कारण तर कुठेच चालत नाही.

अर्ज ज्याने प्रयोग केला त्याच्याच नावाने लागतो. सोबत पालकांची सही, गुणपत्रकाची प्रत आणि जर्नलच्या त्या पानांच्या झेरॉक्स. इथपर्यंत सोपे आहे.

अडते ते कच्च्या पानावर. प्रयोग चालू असताना लिहिलेली, शिक्षकांची सही असलेली ब्युरेटची (द्रव मोजून सोडायच्या खुणांच्या काचनळीची) रीडिंग हाच खरा पुरावा. मुले ती जर्नलमध्ये सुवाच्य उतरवतात आणि मूळ कागद फेकून देतात. मग उतरवलेल्या पानाला ‘हे नंतर लिहिलेले’ म्हणून बाजूला सारणे अगदी सोपे जाते. तो कागद जर्नलला स्टेपल करून ठेवा. खाडाखोड असू द्या; खोडलेले रीडिंग दिसणे उलट चांगले.

हरकत नेमकी हवी. उदाहरणार्थ, ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल १० मिली, परमँगनेट लागले १०.२ मिली, परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांच्या २:५ प्रमाणाने परमँगनेटची तीव्रता ०.०१९६ मोलर येते. तुम्ही १०.२ ऐवजी १२.० लिहून पुढचे गणित बरोबर केले, तर उत्तर ०.०१६७ येईल. रीडिंगचे गुण जाणे ठीक, पण त्याच एका चुकीसाठी गणिताचेही कापले असतील तर गुणदान योजना मागा आणि हाच मुद्दा मांडा.

दुसरा वाद मेनिस्कसचा, म्हणजे नळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा. परमँगनेट गडद असल्याने वरची कड वाचतात. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच कडेने वाचले असतील तर वजाबाकीत फरक पडत नाही. त्यासाठी कापलेले गुण परत मागण्यासारखे आहेत. एकदा वरची, एकदा खालची वाचली असेल तर मात्र गप्प बसलेले बरे.

शिक्षकांच्या रीडिंगशी तुमचे जुळत नसेल, तर दोघांची बाटली एकच होती का ते विचारा. परमँगनेट उजेडात राहिले की हळूहळू विघटन पावते, त्यामुळे जुन्या बाटलीतले जास्त लागते. कच्च्या कागदावर बाटलीचा क्रमांक टिपला नसेल तर हा मुद्दा सिद्ध करणे अवघड.

मुदत मोजताना चूक होते ती पहिल्या दिवसाची. दिवस गुण दाखवल्यापासून मोजायचे की गुणपत्रक हातात आल्यापासून, हे सूचनेत वाचा. सुट्ट्या धरायच्या का, तेही. सूचना संदिग्ध असेल तर जी मुदत आधी संपते तीच धरा. झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या, नाहीतर ‘अर्ज आलाच नाही’ हे उत्तर तयार असते.

तोंडी परीक्षेची कुठे नोंद नसते, त्यामुळे तिच्या गुणांवर सहसा काही होत नाही. तो भाग अर्जात घालू नका. फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.